गाण्यातला तारणहार

ज्याने जन्मभर विभूतिपूजेचा निषेध केला, त्यालाच गाण्यात देव करून बसवणे हा अपराध आहे काय? १४ एप्रिलला आमच्या शिरूर कासारात कर्णे वाजू लागले, की हा प्रश्न मला हटकून छळतो. वामनदादा कर्डकांनी घराघरांत पोचवलेल्या भीमगीतांच्या परंपरेत बाबासाहेब कधी माउली होतात, कधी सूर्य. भगवानगडही आमच्यापासून लांब नाही. पण भगवानबाबा वारकरीच, त्यांची गीते आरतीच्या चालीवर गेली तर नवल कसले! पेच आहे तो भीमगीतांत. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की भक्ती धर्मात आत्म्याला तारील, राजकारणात मात्र ती हुकूमशाहीकडे नेईल. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत तर अवतारालाच नकार आहे.

तरीही या गीतांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. कृतज्ञतेला शब्द लागतात, आणि ते माणूस घरातूनच उचलतो. ज्या गळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या-अभंग म्हटले, त्यांना उपकारकर्त्यासाठी निराळी भाषा सुचावी कोठून? रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला आळवले तेही अभंगांतच. शिवाय एक फरक आहे. चोखोबाला देवळाबाहेरून हाक मारावी लागली. भीमगीत गाणारा हाक मारीत नाही, मिळाल्याची पावती देतो.

धोका दुसरीकडे आहे. जमैकातल्या रास्ताफारी पंथाने इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी यालाच अवतार मानले. १९६६ साली तो किंग्स्टनला उतरला तेव्हा विमानतळावर माणसांचा पूर लोटला. १९७५ मध्ये तो वारला, तर बॉब मार्लेने देव जिवंतच असल्याचे गीत काढले. गुलामांच्या वंशजांना त्या गाण्यांनी ताठ मान दिली, हे खरेच. पण त्याच सम्राटाची प्रजा १९७३ च्या आसपास दुष्काळात अन्नावाचून मरत होती, आणि ती त्या गाण्यांत कोठे दिसत नाही. तारणहार एकदा गाण्यात शिरला, की त्याला जाब विचारायची सोय उरत नाही.

बाबासाहेबांचे तसे नाही; इथे जाब द्यायचा तो ऐकणाऱ्याने. दिवाळी आटोपली, की आमच्या तालुक्यातले कोयते कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाची उचल केव्हाच खर्चून गेलेली असते. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेरडू, त्यावर पोरे, आणि पुढे मोठ्याने लावलेले भीमगीत. गीतातला बाप शिका म्हणत असतो. ऐकणारे पोर शाळा सोडून फडाकडे चाललेले असते. ते थेट उन्हाळ्यात परतते. मुकादमालाही ही गाणी आवडतात, तो ठेका धरतो.

काही मुले मात्र आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. जयंतीला स्टेजवर चढून तीच गाणी म्हणतात, आणि पुष्कळदा कागदावर पाहून म्हणतात.