चार वाजताची भूक

दुपारचे चार वाजले की पोटात काहीतरी हलतं. ते काय आहे हे कळायच्या आत हात डब्याकडे गेलेला असतो. आज तो हात झाकणावरच राहू द्या. उघडू नका. खुर्ची असेल तर खुर्चीत, ओसरी असेल तर ओसरीवर नीट टेकून बसा. वर्ध्याकडच्या उन्हात चार वाजता घाई करण्यासारखं फार काही नसतंही.

तुमचं पथ्य मला ठाऊक नाही, पण अंदाज येतो. पित्ताशयात खडे निघाले असतील, रक्ताच्या तपासणीत एखादा आकडा चढलेला असेल, किंवा सोनोग्राफीवाल्याने यकृतावर चरबी असल्याचं लिहून दिलं असेल. डॉक्टर म्हणाले, तेलकट-तुपकट बंद. घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ झाला, चवीचं सगळं बंद. हा अर्थ कोणी लावला? डॉक्टरांनी नाही. तो तुम्हीच वाटेत लावलात, आणि घरच्यांनी बिनफोडणीचं वरण पुढ्यात ठेवून त्यावर शिक्का मारला.

आता स्वतःलाच विचारा, या क्षणी नेमकं काय हवंय? लगेच उत्तर देऊ नका. तहान तर नाही ना? आधी एक पेला पाणी घ्या, निवांत. कंटाळा आहे का? कामातून पाच मिनिटं सुटका हवीये का? की दाताखाली कुरकुर वाजायला हवी? काहीतरी खारट, आंबट, जिभेला झोंबणारं हवंय? हे एकेक मनाशी म्हणून बघा आणि तोंडाला पाणी कोणत्या शब्दाला सुटतं तेवढं टिपा.

बहुतेक वेळा ते तेलाला सुटत नाही. वाटीभर तेल समोर ठेवलं तर कोणीही नाक मुरडेल. आपल्याला आवडतो तो तेलाचा कामधंदा. जिरं, हिंग, लसूण यांचा वास तेलात उतरतो, तेल तो जिभेवर पसरवतं आणि थोडा वेळ धरून ठेवतं. म्हणून आलूबोंडा संपल्यावरही तोंडात रेंगाळतो. तेल काढलं की चव येते ती पटकन येते आणि पटकन जाते. पथ्याचं खाणं सपक लागतं त्याचं कारण एवढंच आहे. पण भाजण्याचा वास आहे, आंबट आहे, तिखट आहे, कुरकुरीतपणा आहे, आणि सावकाश चावणं आहे. यातल्या एकालाही तेल लागत नाही.

वर्धा जिल्ह्यात बसून चवीचा विचार करायचा तर सेवाग्रामला वळसा घालून जाता येत नाही. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक व्रत अस्वादाचं. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमवासीयांना पत्रं लिहून ही व्रतं समजावली, त्यात अस्वादावरही एक पत्र आहे. औषध घेताना आपण ते गोड की कडू हे बघत नाही, शरीराला हवं तेवढंच घेतो. अन्नही तसंच घ्यावं, असा त्याचा आशय. पदार्थाची चव वाढावी म्हणून वरून मीठ घालणं हासुद्धा त्यांच्या लेखी व्रतभंग. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत 1935 च्या सुमारास सोयाबीन, कडुलिंबाचा पाला, चिंच यांचे आहारातले प्रयोग झाले ते याच वळणाचे. ज्यांनी ते ताट जेवलं त्यांच्या सहनशक्तीपुढे मी हात जोडतो. मला ते जमलं नसतं.

पण इथे जरा रेंगाळा. याच गांधीजींनी 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात बौद्धिक काम करणाऱ्या माणसासाठी दिवसभराच्या आहाराचं माप दिलं. दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, भाज्या किती, गूळ किती, सगळं वजनानिशी. आणि तूप? दीड औंस, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर. आजचा कोणताही आहारतज्ज्ञ तुमच्या-माझ्या कागदावर हा आकडा लिहिणार नाही. म्हणजे ज्याने जिभेला लगाम घातला त्याने स्निग्धाला घातलेला नव्हता. अस्वाद हे एक व्रत, तेल कमी करणं हे दुसरं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आपण मात्र दोन्ही एकाच दिवशी घेतो, तेही न ठरवता. तेल सोडतो आणि सोबत चवही सोडतो. आठ-दहा दिवस घरात पुण्यवान चेहऱ्याने वावरतो. मग कुठल्याशा लग्नात भज्यांच्या ताटासमोर उभे राहतो तेव्हा मोजायला कोणी नसतं. ज्याला अस्वादव्रत घ्यायचं त्याने जरूर घ्यावं, ते मोठ्या माणसांचं काम आहे. तुम्हाला फक्त तेल कमी करायचंय. जिभेला या खटल्यातून निर्दोष सोडा.

आता झाकण उघडा. डब्यात मुरमुरे असतील असं धरून चालतो. नसतील तर उद्या आणा. एक मूठ ताटलीत घ्या. हा दाणा कसा फुगला ते डोळ्यांपुढे आणा. भडभुंज्याची भट्टी, कढईत तापून काळी झालेली वाळू, तीत टाकलेला मिठाच्या पाण्याचा तांदूळ. दाण्याच्या पोटातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, वाफ बाहेर पडायला धडपडते, आणि दाणा फुलतो. चाळणी हलली की वाळू खाली, मुरमुरे वर. या सगळ्या खटाटोपात तेलाचा थेंब नाही. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही याच जातीच्या, फुटाणेही. आपल्या आज्या या खाण्याला पथ्य म्हणत नव्हत्या, येता-जाता तोंडात टाकायच्या.

मुरमुरे सादळले असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवा. हात कढईपाशीच ठेवा, कारण करपायला वेळ लागत नाही. एक दाणा मोडून बघा. कट्कन आवाज आला पाहिजे. गार झाले की मूठभर फुटाणे मिसळा. नुसते मुरमुरे रक्तातली साखर लवकर चढवतात आणि तासाभरात पुन्हा भूक आणतात. फुटाण्यांमुळे पोट धरतं. मधुमेह असणाऱ्यांनी तर फुटाणे जास्त आणि मुरमुरे कमी. मग बारीक कांदा, हिरवी मिरची, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि तव्यावर कोरडं भाजून हातानेच चुरडलेलं जिरं. जिरं भाजताना झाकण ठेवू नका, वास घरभर फिरू द्या. निम्मी चव तिथेच खाऊन होते. शेवटी लिंबू. लिंबू पिळल्यावर मात्र थांबायचं नाही, मुरमुरे मऊ पडतात. मीठ हात आखडूनच घाला, कारण तेल गेलं की हात मिठाकडे वळतो आणि रक्तदाबवाल्यांची फसगत तिथे होते. आंबटपणा वाढवला की मीठ कमी चालतं.

पहिला घास. बोलू नका, मोबाईल पालथा ठेवा. आधी कुरकुर ऐका. मग लिंबू कुठे लागतं ते बघा. फुटाण्याचा भाजका वास नंतर येतो, चावून चावून पीठ व्हायला लागलं की. तो यायच्या आत गिळलं तर तुम्ही त्याला भेटलाच नाहीत. तेलकट खाणं आपल्याला हा आळस शिकवतं. त्यात चव आपोआप पसरते, चावायचे कष्ट पडत नाहीत. कोरड्या खाण्यात चव मेहनतीने मिळते. दुसरा घास घेण्याआधी पहिला संपू द्या.

खाता खाता मनाने जरा शेतात जाऊन या. थंडीत वर्ध्याच्या शेतशिवारात बिनतेलाच्या खाण्याची रेलचेल असते. तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या की सोलत बसायच्या. एकेका शेंगेतून चार-पाच दाणे, म्हणजे भराभर खायचं म्हटलं तरी खाता येत नाही. हरभऱ्याचे घाटे काटक्यांच्या आगीत भाजले की बोटं काळी होतात, ओठही. तळ्यातले शिंगाडे उकडून हातगाडीवर येतात, वरून काळेकुट्ट, आत पांढरा दुधाळ गर. आणि हुरडा. ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायचं, बाहेर काढून हातावर गरम गरम मळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं. हिरवा, मऊ, किंचित गोड दाणा. त्याला धुराचा वास लागलेला असतो, आणि तो वास कुठल्याही फोडणीच्या तोडीचा आहे हे मी शपथेवर सांगेन.

हुरड्यासोबत शेंगदाण्याची चटणी येते. इथे सावध व्हा. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलच असतं. तीस ग्रॅमची मूठ म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम तेल, तीन चमचे. तीळ आणि जवस यांचीही तीच गत. हे तेल वाईट नाही, उलट शरीराला थोडं हवंच असतं. काही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय अंगी लागत नाहीत. पण ते दिसत नाही, म्हणून मोजलं जात नाही. ‘मी तळलेलं बंद केलंय’ म्हणत वाटीभर दाणे फस्त करणारे लोक घरोघरी आहेत. ओल्या शेंगा उकडून खाल्ल्या तर पाण्यामुळे तेवढ्याच वजनात तेल बरंच कमी येतं, शिवाय फोलपटं सोडवण्यात वेळ जातो. चटणी बोटाच्या टोकावर घ्या, चमच्यावर नको.

पाकिटांचंही तसंच. ‘डाएट चिवडा’, ‘रोस्टेड’ असं ठळक छापलेलं असलं तरी पाकीट उलटं करा. आपल्याकडच्या अन्न नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम घन पदार्थात तीन ग्रॅमपर्यंत स्निग्ध असेल तरच ‘लो फॅट’ म्हणता येतं. गंमत अशी की बिचारे फुटाणेही, शंभर ग्रॅमला पाचेक ग्रॅम असल्यामुळे, या कसोटीला उतरत नाहीत. मुरमुरे उतरतात. तरी मी फुटाणे सोडणार नाही, आणि तुम्हीही, डॉक्टरांनी नेमकं फुटाण्यांवर बोट ठेवलं नसेल तर, सोडू नका. मागचा बारीक अक्षरातला आकडा आणि हातातली मूठ, दोन्ही एकत्र बघायची सवय लागली की पुरे.

बाहेर पडायची वेळ येतेच. टपरीवर तर्री पोहे समोर आले की नाही म्हणू नका, मागायचं कसं ते शिका. रश्श्यावर तरंगणारा लाल थर म्हणजे तेल. पळी खाली गेली की चणे हाती लागतात. ‘भाऊ, वरची तर्री नको, खालचे चणे द्या, लिंबू अन् सांबार जास्त टाका.’ पहिल्या वेळेला तो तुमच्याकडे बघेल. पुढे ओळखीने देईल. वर्ध्याच्या गोरस भांडारातला बिस्किटासारखा गोरसपाक मात्र गायीच्या तुपातलाच, त्याला पळवाट नाही. ज्याचं पथ्य कडक आहे त्याने तो पाहुण्यांना द्यावा. ज्याला थोडी मोकळीक आहे त्याने एकच घ्यावा, दुपारच्या चहाला, आणि वर सांगितलं त्याच सावकाशीने खावा. चोरून चार खाण्यापेक्षा समोर बसून एक खाणं पथ्याला जास्त धरून आहे.

मगनवाडीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. गांधीजींच्या पुढाकाराने 1934 च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम तिथे जे. सी. कुमारप्पांनी उभं केलं. हातसडीचा तांदूळ, ताडगूळ यांच्यासोबत तिथे तेलघाणीवरही कष्ट घेतले गेले. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर ओळखली गेली. चवीवर ताबा सांगणाऱ्या गावानेच चांगलं तेल कसं काढावं हेही शोधलं. घाणीवरून आणलेलं तेल गडूत असे आणि पळीने निघे, घरातल्या बाईला महिन्याचा हिशेब तोंडपाठ असे. पिशवी कापून कढईत ओतायला लागल्यापासून तो हिशेब गेला. पुन्हा पळी काढा. फोडणी बंद करायची गरज नाही. चौघांच्या भाजीला एक छोटा चमचा तेल, नीट तापलेलं, त्यात मोहरी तडतडू द्यायची. वास तेवढाच येतो.

ताटली आता रिकामी झाली असेल. पोट भरलं का, हे लगेच विचारू नका, दहा मिनिटांनी विचारा.

आणि एक विनंती. जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन, तूर यांच्या गर्दीत ज्वारी मागे पडली आहे. पाखरं आणि रानडुकरं राखता राखता शेतकरी थकतो, वर भाव मिळत नाही. ज्वारी गेली की हुरडाही जाईल आणि लाह्याही. तेव्हा पुढच्या आठवडी बाजारात चिवड्याच्या पाकिटाकडे हात जाण्याआधी दोन किलो ज्वारी घ्या, आणि गावात भडभुंजा अजून भट्टी लावत असेल तर त्याच्याकडून लाह्या फोडून आणा.