दारामागची पिशवी

आमच्या लहानपणी दारामागच्या खुंटीला एक कापडी पिशवी कायम लटकलेली असे. जुन्या चादरीची, आईनं मशीनवर शिवलेली. तळाशी कांद्याची सालं, कोपऱ्यात अडकलेली एखादी मिरची. बाजारात ती विसरून गेलं, तर हेलपाटा ठरलेला. भाजीवाल्या मावशी काही पिशवी देत नसत.

पुढे पातळ प्लास्टिक पिशव्या आल्या आणि कापडी पिशवी मागे पडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली ती पावसानं, हे खरंच. पण पाण्याच्या वाटा तुंबवायला या पातळ पिशव्यांनीही हातभार लावला. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. मंडईत मात्र पाव किलो गवार घेतली, की गाडीखालून हळूच पिशवी निघते. दोष एकट्या मावशींना कसा द्यायचा? पिशवी नाही म्हटलं, की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच की!

मासळीला, दह्याला डबा न्यावा लागतो. थोडं अवघडल्यासारखं होतं, कबूल. पण आज बाहेर पडताना किल्लीबरोबर पिशवीही तेवढी घ्या.