बुजरा आणि अडेल

मराठी भाषेने घोड्यावरून पुष्कळ शब्द घेतले आणि ते माणसांस लावले. हट्टी माणसास आपण अडेलतट्टू म्हणतो, सैल जिभेला लगाम घालावयास सांगतो, पाहुण्यांपुढे न येणाऱ्या मुलास बुजरा म्हणतो. रस्त्यांवरून घोडी बहुतांशी नाहीशी झाली, तरी पागेतली ही भाषा आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत अजून नांदत आहे. त्यांतील बुजणे आणि अडणे या दोन शब्दांचा येथे विचार करावयाचा आहे. दोन्ही प्रसंगी घोडा पुढे पाऊल टाकीत नाही, आणि बाहेरून पाहणारास दोहोंत भेद दिसत नाही. परंतु एकात भय असते व दुसऱ्यात नकार असतो. भयाला नकाराची शिक्षा देणे हा केवळ गैरसमज, की तो अन्याय, असा आमचा प्रश्न आहे.

स्वभावभेदाची जाण आपल्याकडे नवी नाही. आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूरहून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कामाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे घोड्यांचे तीन स्वभाव तेथे सांगितले असून, त्या त्या मानाने घोड्यास युद्धाचे किंवा स्वारीचे काम द्यावे असा नियम घालून दिला आहे. कौटिल्याची ख्याती कोमल अंतःकरणाबद्दल नाही. त्याने हा भेद केला तो राज्याच्या सोयीसाठी. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

काही वर्षांपूर्वी, मुलीस घोडेस्वारी शिकावयाची होती म्हणून, आम्ही बेळगावजवळच्या एका पागेत सकाळी जाऊन बसत असू. तेथे घोड्यांना वळण लावणारे एक वृद्ध गृहस्थ होते. अशा माणसास मराठीत चाबूकस्वार म्हणतात. परंतु यांच्या हातात चाबूक असलाच तर तो बहुधा जमिनीकडे झुकलेला असे. त्यांच्याकडे तीन जनावरे होती, आणि कौटिल्याने आखून दिल्याप्रमाणेच ती तीन प्रकारची होती.

पहिला घोडा तीक्ष्ण. लगाम आवळून धरला की तो अधिकच तापे. म्हणून म्हातारबुवा त्यास लगाम सैल देत, सारखी वळणे घेण्याचे काम लावीत आणि स्वतः संथ आवाजात बोलत राहात. दुसरे एक वयस्क मंद जनावर होते. शिकाऊ मुलांनी टाचा मारून मारून त्याच्या बरगड्या बधिर केल्या होत्या. अखंड मिळणाऱ्या खुणेला काही अर्थ उरत नाही, हे तो शिकला होता. लोक त्यास आळशी म्हणत. म्हातारबुवा त्यास प्रथम हलकेच सांगत, मग एकदाच स्पष्ट सांगत, आणि त्याने पाऊल उचलताच पाय अगदी निश्चल ठेवीत. तिसरी एक बुजरी घोडी होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे त्यास जवळजवळ सभोवार दिसते, परंतु अगदी कपाळासमोरचे आणि शेपटामागचे दिसत नाही. दिसले न दिसले असे काही हलले की पळावयाचे, ही त्याच्या जातीची हजारो वर्षांची शहाणीव आहे. कुंपणावर वाळत घातलेले धोतर वाऱ्याने हलले की ही घोडी चारी पाय रोवून उभी राही.

एके दिवशी आम्ही तिला अडेल म्हटले. म्हातारबुवा म्हणाले, “वकीलसाहेब, ती अडत न्हाई, भ्यालीया. अडल्याला पुढं काढता येतं. भ्यालेल्याला आधी मागं येऊ द्यावं लागतं.” मग त्यांनी तिला त्या धोतरापासून दहा पावले मागे नेले, उभे राहू दिले, मान खाली येण्याची वाट पाहिली आणि मग दोन पावले पुढे आणले. आठवडाभराने ती धोतराचा वास घेऊ लागली.

बसून बसून आमच्या ध्यानात आले की तिघांशी वागण्याची रीत तीन प्रकारची असली, तरी तिघांना दिलेले वचन एकच होते. घोडा शिकतो तो दाबाने नव्हे; दाब सुटण्याने शिकतो. टाचेचा किंवा लगामाचा दाब ही मागणी, आणि ती पुरी होण्याच्या क्षणी दाब काढून घेणे हे तिचे उत्तर. हे उत्तर उशिरा आले, तर आपण बरोबर काय केले ते घोड्यास कळत नाही. ते कधीच आले नाही, तर काय केले तरी सारखेच असे तो ठरवितो, आणि प्रयत्न सोडून शांत उभा राहतो. अशा घोड्यास पुष्कळ लोक सुधारलेला घोडा समजतात.

भय आणि खोड यांची गल्लत जुनी आहे. प्लुटार्कने अलेक्झांडरच्या चरित्रात ब्युसेफॅलसची कथा सांगितली आहे. फिलिप राजाच्या माणसांनी तो घोडा अनावर म्हणून टाकून दिला होता. तो आपल्याच सावलीला बुजत आहे हे पोराच्या लक्षात आले, आणि त्याने त्याचे तोंड सूर्याकडे वळविले. बाकीच्यांनीही तोच घोडा व तीच सावली पाहिली होती. घोडा कशाकडे पाहतो आहे, हे मात्र त्यांनी पाहिले नव्हते.

येथे आम्हांस आमच्या धंद्यातील एक जुना प्रसंग सांगणे भाग आहे. शेताच्या बांधाचा दावा होता. विरुद्ध पक्षाकडून एक वयस्क शेतकरी बाई साक्षीस आली. कोर्ट तिने पूर्वी पाहिले नव्हते, आणि तेथील कारभाराची भाषाही तिची नव्हे. विहिरीपासून बांध किती फुटांवर, असे आम्ही विचारले. तिने एक आकडा सांगितला. आम्ही आवाज चढवून तेच पुन्हा विचारले. तिने दुसरा सांगितला. प्रत्येक उत्तरावर आम्ही पुढचा प्रश्न अधिक जवळून टाकला. अखेर तिने पदर तोंडाशी धरला आणि ती बोलेनाशी झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १८व्या आदेशातील १२व्या नियमाप्रमाणे साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशास शेरा नोंदविता येतो. तसा शेरा नोंदविला गेला, तिच्या साक्षीवर विश्वास ठेवला गेला नाही, आणि आमच्या पक्षकाराचा जय झाला.

ती बाई खरे बोलत होती की खोटे, हे आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि ते कळण्याची वाट आम्हीच बंद केली. ती फुटांत मोजणारी नव्हती, पावलांनी मोजणारी होती. तिला उत्तर देऊन सुटका नव्हती. प्रत्येक उत्तराने दाब वाढतच होता. पागेत बसून धोतरासमोर थिजलेली घोडी पाहिली, तेव्हा आम्हांस तो पदर आठवला.

यावर कोणी म्हणेल, की वकिलाने साऱ्या साक्षीदारांस एकाच मापाने मोजावे. कायद्यापुढे सारे समान ना? परंतु समानता म्हणजे एकरूपता नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या अन्वर अली सरकार खटल्यापासून मानले आहे. वर्गीकरण करता येते, मात्र ते ज्या हेतूसाठी केले त्याच्याशी त्याचा संबंध असावा लागतो. एकच चाबूक साऱ्या घोड्यांवर सारख्या जोराने मारणारा स्वार निःपक्षपाती ठरत नाही. तो फक्त पाहण्याचे कष्ट वाचवितो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. स्वभाव ओळखणे हे सद्गुण असते, तर निष्णात उलटतपासनीस हा संतच म्हणावा लागेल. कारण कोणता साक्षीदार बुजेल हे त्याच्याइतके कोणास कळते? खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांसही ते कळले होते. बाई बुजरी आहे हे ओळखूनच आम्ही आवाज चढविला. म्हणजे आमची चूक अज्ञानाची नव्हती. कौटिल्याची गोष्ट येथे उपयोगी पडते: स्वभावाचे ज्ञान राज्याच्या सोयीसाठी वापरता येते, घोड्याच्या व्यापाऱ्यास खोड लपविण्यासाठी वापरता येते, आणि म्हातारबुवांस घोडीची मान खाली आणण्यासाठीही वापरता येते. ओळखणे ही कला आहे. कशासाठी ओळखले, येथे नीतीस प्रारंभ होतो.

आणखी एक अडचण आहे. पाहणारा स्वतःला वगळून पाहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवितो अशी ख्याती झाली होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिले, की उत्तर येताच प्रश्न विचारणाराचे डोके नकळत किंचित हले आणि घोडा तेथे थांबे. घोडा गणित वाचीत नव्हता, माणूस वाचीत होता. साक्षीदारही वकील वाचतो. त्याच्या वर्तनाविषयी शेरा लिहिला जातो, तेव्हा त्यात आपलेही वर्तन उमटलेले असते. पण सही मात्र त्याच्याच नावावर पडते.

साक्षीदाराचा अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायालयाने मना करावेत, अशी तरतूद १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. परंतु आम्ही त्या बाईचा अपमान केला नव्हता. आमचा प्रत्येक प्रश्न कायदेशीर होता. कायदा येथवरच येतो. पुढचे अंतर माणसाने स्वतः चालावयाचे असते.

पक्षकाराप्रती आमचे कर्तव्य आहे, आणि खोट्या साक्षीदारास आम्ही आजही सोडीत नाही. परंतु खोटा आणि भ्यालेला यांतील भेद पाहिल्यावाचून पुढचा प्रश्न टाकावयाचा नाही, असे आम्ही ठरविले आहे. बांधाचा दावा असला की साक्षीदारास प्रथम विचारतो, आपण अंतर कशाने मोजता? उत्तर बहुधा पावलांनी असेच येते. मग त्याची पावले मोजून होईतो आम्ही थांबतो. या थांबण्याने एखादा दावा हातचा गेला असेल. त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.