वाद कशाचा, हे कोण ठरवणार?

द्राक्षवेली तोडल्याबद्दल एका रोमन माणसाने दावा लावला आणि तो हरला. कारण एवढेच की दाव्यात त्याने ‘वेली’ म्हटले. ‘बारा पाट्या’ या रोमच्या जुन्या लेखी कायद्यात दाद मागायची सोय होती ती तोडलेल्या ‘झाडां’बद्दल; वेलींचा दावाही झाडांच्याच नावाने लावायला हवा होता. इ.स.च्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस ही हकीकत सांगतो. त्याचे पाठ्यपुस्तक कित्येक शतके हरवलेले होते. १८१६ मध्ये इतिहासकार नीबूरला ते व्हेरोनात सापडले, संत जेरोमच्या पत्रांखाली पुसट झालेल्या अक्षरांत. जुन्या रोमन दाव्यांची आपली बरीचशी माहिती या पानांमधून आलेली आहे.

कोण खरे, कोण खोटे हे ठरण्याआधी वाद नेमका कशाचा, हे ठरावे लागते. ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या एका प्रश्नाभोवती रोमन न्यायप्रक्रिया शतकानुशतके फिरत राहिली.

इ.स.पू. ४५१-४५० मधल्या बारा पाट्यांची सुरुवात प्रतिवादीला बोलावण्यापासूनच होते, पण समन्स बजावायला बेलीफ नाही. वादीनेच त्याला बोलवायचे; तो आला नाही, तर साक्षीदार करून धरायचे. तो आजारी वा म्हातारा असेल तर जनावर पुरवायचे, मात्र गादी घातलेली गाडी देण्याची सक्ती नाही. सूर्य मावळला की कामकाज बंद. पुढचे सगळे ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या हालचालींत. गुलामाच्या मालकीचा वाद असला, तर दोघे आळीपाळीने त्याला धरून, काठी टेकवून ‘हा माझा’ म्हणत. मग न्यायाचे काम पाहणारा अधिकारी (पुढच्या काळात प्रीटर) दोघांनाही हात सोडायला लावी. दोघांनाही पण लावावा लागे: वादाचे मोल हजार अ‍ॅस (तांब्याची नाणी) किंवा जास्त असेल तर पणाला ५०० अ‍ॅस, कमी असेल तर ५०. हरणाऱ्याचा पण सरकारजमा.

हे शब्द ठाऊक कोणाला? पुरोहितांना. कोणत्या दिवशी दाद मागता येते, हेही त्यांनाच ठाऊक. मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, पेशाने कारकून असलेला ग्नेयस फ्लाव्हियस, याने इ.स.पू. ३०४ च्या सुमारास दाव्यांचे नमुने आणि कामकाजाचे दिवस चव्हाट्यावर मांडले, असे परंपरा सांगते. शब्द सर्वांना कळले. त्यांची सक्ती मात्र सुटली नाही.

ती सैल केली प्रीटरने. हे पद इ.स.पू. ३६७ मध्ये निर्माण झाले. इ.स.पू. २४२ च्या सुमारास परक्यांच्या वादांसाठी दुसरा प्रीटर आला. जुने ठराविक शब्द नागरिकांसाठीच होते, त्यामुळे नव्या वादांना नवी भाषा लागली. त्यातून ‘फॉर्म्युला’ रूढ झाला. दोन्ही पक्षांचे ऐकून प्रीटर वाद दोन-चार वाक्यांत बांधी आणि एका सामान्य नागरिकाकडे निवाड्यासाठी सोपवी: अमका तमक्याला दहा हजार सेस्टर्स देणे लागतो असे दिसले, तर द्यायला लाव; न दिसले, तर मोकळे सोड. प्रतिवादीने ‘मला फसवून कबूल करून घेतले’ म्हटले, तर तेवढी अट आत घालता येई. ऑगस्टसच्या काळात, इ.स.पू. १७ च्या कायद्यांनी, जुनी पद्धत जवळजवळ मोडीतच निघाली.

निवाडा करणारा हा नागरिक कसा असे, ते रोमन लेखक औलस गेलियस स्वतःच सांगतो. तरुणपणी त्याच्यापुढे पैशाचा दावा आला. वादी सज्जन, पण कागद नाही, साक्षीदार नाही. प्रतिवादी लबाड म्हणून गावभर माहीत. जाणकार म्हणाले, पुरावा नाही, सोडून दे. गेलियसचे मन मानेना. तत्त्वज्ञ फाव्होरिनसचा सल्ला घेऊनही त्याचा पेच सुटला नाही. अखेर ‘मला उलगडा होत नाही’ अशी शपथ घेऊन त्याने अंग काढून घेतले. प्रश्न दुसऱ्याने मांडलेला, उत्तराचे ओझे मात्र याच्या विवेकावर. व्यवस्थेने त्याला प्रामाणिकपणे हात वर करायची मुभा ठेवली होती.

साम्राज्य वाढले तशी ही मुभा आटत गेली. सम्राटाचे अधिकारी वाद पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच चालवू लागले. त्याचे फायदे खरे होते. बोलावणे सरकारी झाले, गैरहजर प्रतिवादीमुळे दावा अडेनासा झाला, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येऊ लागले. ३४२ साली शाही फर्मानाने फॉर्म्युला रद्द झाला. त्यातल्या अक्षरांवर टपून लोकांना अडकवले जाते, असे कारण दिले गेले. तक्रार खोटी नव्हती. पण सापळ्याबरोबर वादाच्या मांडणीतला पक्षकारांचा वाटाही गेला. आता मांडणीही अधिकाऱ्याची आणि निवाडाही त्याचाच.

न्यायव्यवस्थेबद्दल बोलताना आपण निकालाला किती वर्षे लागली, हे मोजतो. ते मोजायलाच हवे. पण दुसऱ्याच कुणी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर झटपट मिळाले, म्हणून पक्षकाराला न्याय मिळाला असे होत नाही. रोमनांनी शब्दांची आंधळी सक्ती सोडली, हे बरेच केले. तिच्याबरोबर सामान्य नागरिकाचा न्यायातला हात सुटला, ही किंमत मात्र भारी होती.