वाट पाहणं आणि वाट झाडणं



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

हे दोन श्लोक म्हणजे एका घसरगुंडीचा नकाशा आहे. माणूस एखाद्या विषयाचं चिंतन करत बसतो. चिंतनातून ओढ लागते, ओढीतून इच्छा जन्मते, इच्छा अडली की राग येतो. रागातून मोह, मग स्मृती सुटते, बुद्धी सुटते आणि शेवटी माणूसच हातचा जातो. आपण बहुतेक वेळा मधल्या पायऱ्यांवर बोलतो. राग कसा आवरायचा, इच्छा कशी कमी करायची वगैरे. पण भगवंतांनी पहिली पायरी कुठे ठेवली आहे बघा. वस्तू हातात येण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या ध्यानात. वस्तू अजून नसते, तेव्हाच तिचं काम आपल्या आत सुरू झालेलं असतं.

याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. माझ्या फोनमध्ये एक गाडी आहे. फोनमध्येच, कारण बाजारात ती अजून आलेलीच नाही. मोठी, हायब्रिड, चारही चाकांना ताकद देणारी, चिखल-दगड-नाला काही न जुमानणारी आणि आतून एखाद्या भारी हॉटेलसारखी. नाव महत्त्वाचं नाही. तुमच्या फोनमध्ये दुसरी असेल, किंवा गाडीऐवजी फ्लॅट असेल, नवा कॅमेरा असेल. मी पुण्यात नोकरी करतो, घर पांढरकवड्याला. मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा रात्री जेवणानंतर तिचाच एक व्हिडिओ बघत होतो. बाबा शेजारी येऊन बसले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "गाडी तं आलीच नाही अजून. मंग रोज कायले पाहून रायला?"

प्रश्न साधा होता, पण मला तो थेट दुसऱ्या अध्यायात घेऊन गेला. न आलेल्या गोष्टीकडे रोज कशाला बघायचं? आणि बघितलं तर त्यात वाईट काय? भक्ताने अशी इच्छा धरावी की नाही?

आधी इच्छेची बाजू घेतो. गीतेच्या सातव्या अध्यायात, ११ व्या श्लोकात भगवंत आपल्या विभूती सांगताना म्हणतात की धर्माच्या आड न येणारी इच्छा, तीही मीच आहे. किती मोठा दिलासा आहे हा! म्हणजे चांगली गाडी हवीशी वाटणं हे आपोआप पाप ठरत नाही. आईबाबांना आरामात देवदर्शनाला नेता यावं, सहाशेच्या वर किलोमीटरचा प्रवास सुरक्षित व्हावा, इंधन कमी जळावं, यात अधर्म कुठे आहे? त्यामुळे "सगळं सोडा, सगळी माया आहे" असं मी इथे लिहिणार नाही. ते लिहायला सोपं असतं आणि ईएमआय भरणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभतही नाही.

पण मग कसोटी कोणती? मला वाटतं, इच्छेची परीक्षा ती पूर्ण झाल्यावर होत नाही. ती वाट पाहण्याच्या काळात होते.

एक खरं उदाहरण घेऊ. महिंद्राची थार रॉक्स आठवते? ही हायब्रिड नव्हे, पेट्रोल-डिझेलवालीच, पण वाट पाहण्याचा एवढा मोठा सोहळा आपल्याकडे क्वचितच झाला असेल. १५ ऑगस्ट २०२४ ला गाडी जाहीर झाली. बुकिंग सुरू झालं ३ ऑक्टोबरला, सकाळी ११ वाजता. पहिल्या साठ मिनिटांत १,७६,२१८ बुकिंग झाली. मिनिटाला जवळपास तीन हजार! आणि गाड्या हातात द्यायला सुरुवात दसऱ्यापासून, १२ ऑक्टोबरपासून, असं कंपनीने सांगितलं होतं.

आता पंचांग काढून बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला घटस्थापना होती. आमच्या पांढरकवड्याजवळ केळापूरला जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे मोठी गर्दी असते. म्हणजे एकीकडे घरोघरी काळ्या मातीत धान्य पेरलं जात होतं, मध्ये कलश मांडला जात होता, आणि त्याच सकाळी देशभर लाखो अंगठे फोनच्या पडद्यावर "बुक करा" दाबत होते. दोन्हीकडे वाट पाहणं सुरू झालं, आणि दोन्हीकडे मुक्कामाचं ठिकाण दसराच.

मला यात बुकिंग करणाऱ्यांची टिंगल करायची नाही. मुहूर्त बघून गाडी घेणं ही आपली जुनी रीत आहे. पण घटापुढे वाट पाहणाऱ्याचं काय चाललेलं असतं, ते जरा आठवा. तो रोज थोडं पाणी घालतो. रोज माळ चढवतो. अखंड दिवा सांभाळतो. धान्य उगवतं ते त्याच्या हुकमाने नाही, हे त्याला माहीत असतं. तरी त्याच्या वाट्याचं काम तो रोज करतो. नऊ दिवसांनी हातभर नाही, बोटभर अंकुर येतात आणि दसऱ्याला तेच टोपीत खोचले जातात. या वाट पाहण्याने माणूस नऊ दिवसांत थोडा शांत झालेला असतो.

आणि गाडीची वाट? आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या पलीकडच्या बाजूला बसतो, त्यामुळे एक गोष्ट ठाऊक असते. उत्सुकता ही आपोआप येत नाही, तीही तयार केली जाते. आधी सावलीतला फोटो, मग दिव्यांची झलक, मग नाव, मग आतला भाग, मग किंमत, मग बुकिंग. प्रत्येक टप्प्याला तारीख असते. १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत महिंद्राने पुढच्या चार एसयूव्हींची रूपं दाखवली. वेगवेगळ्या प्रकारचं इंजिन बसू शकेल असा त्यांचा नवा सांगाडा आहे आणि प्रत्यक्ष गाड्या २०२७ पासून येणार असं सांगितलं. जगभर असंच चालतं. टाटांच्या मालकीच्या लँड रोव्हरने जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये थांबवली आणि नवी दाखवली सप्टेंबर २०१९ मध्ये. मधली साडेतीन वर्षं चाहते फोटोंवर जगले. मग तिची प्लग-इन हायब्रिड आली. कंपन्यांचं यात काही चुकत नाही, माल विकणं हा त्यांचा धंदा आहे. पण ध्यान कुठे लावायचं, हे मात्र आपलं काम होतं ना? ते आपण कधी दुसऱ्याच्या वेळापत्रकाला देऊन टाकलं?

इथे मला त्या हायब्रिड गाडीनेच एक गोष्ट शिकवली. साध्या गाडीत ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात, गतीची उष्णता होते आणि ती हवेत उडून जाते. म्हणजे आधी इंधन जाळून वेग कमवायचा आणि मग थांबताना तो तापवून फेकून द्यायचा. हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज बनवते आणि वीज बॅटरीत जाते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही, जोरात थांबायचं असेल तर साधे ब्रेक लागतातच. पण थांबणं पूर्ण वाया जात नाही. पुढच्या चढाला तीच वीज कामी येते.

इच्छा म्हणजे वेग, आणि वाट पाहणं म्हणजे ब्रेक. आता ६२ वा श्लोक पुन्हा वाचा. इच्छा अडली की क्रोध. ही ती उष्णताच आहे! तारीख पुढे गेली, वेटिंग पिरियड वाढला, शेजाऱ्याला आधी मिळाली, की आपण तापतो. ऊर्जा तीच, फक्त जळून जाते. पण अडलेली इच्छा जर आत दुसऱ्या एखाद्या कामाला जोडलेली असेल, तर तेच थांबणं आपल्याला भरतं. याच अध्यायात थोडं आधी, ५८ व्या श्लोकात, अवयव आत ओढून घेणारं कासव येतं. कासव पाय आत घेतं म्हणजे पाय तोडून टाकत नाही. संयम म्हणजे इच्छा मारणं नव्हे, हे मला त्या कासवाने आणि त्या मोटरने मिळून समजावलं.

पण जोडायचं कुठल्या कामाला? याचं उत्तर मला बाबांच्याच पुढच्या वाक्यात मिळालं.

आमचं शेत मुख्य रस्त्यापासून आत आहे. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो, एकदम गुळगुळीत. पण त्यावरून उतरून शेतापर्यंत जायला पांदण रस्ता. काळी कापसाची माती, एक पाऊस झाला की चिकट लोणी. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी धुरे सरकत आले, कुणी नांगराचं एक तास वाढवलं, कुणी दोन, आणि रस्ता बैलगाडीपुरताही उरला नाही. परतीचा पाऊस आला की वेचलेला कापूस शेतातच अडकतो. मी बाबांना उत्साहाने सांगितलं, की ही गाडी आली ना, तर भर पावसात शेतापर्यंत जाता येईल.

बाबा म्हणाले, "तुयी गाडी जाईन रे. बंडीचं काय?"

बंडी म्हणजे बैलगाडी. मंडळी, या एका वाक्यात तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रह आहे. भगवंत तिथे अर्जुनाला सांगतात की स्वतःसाठी काही मिळवायचं उरलं नाही तरी लोकांची घडी नीट राहावी म्हणून कर्म कर. आणि ज्याला लोक मोठा मानतात, त्याच्यामागे इतर जातात. आता विचार करा. गावातून शिकून बाहेर पडलेला, चार पैसे कमावणारा मुलगा म्हणजे गावाच्या नजरेत मोठाच. ज्याच्याकडे चारही चाकांची ताकद आली, त्याला रस्त्याची गरज उरत नाही. ज्याला गरज उरत नाही, तो तहसीलमध्ये अर्ज घेऊन जात नाही, धुऱ्यासाठी शेजाऱ्याशी बोलत नाही. गाडी चिखल ओलांडते आणि चिखल तिथेच राहतो, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी. शहरातही हेच आहे. पाणी आलं नाही तर टँकर, हवा खराब तर प्युरिफायर, रस्ता खराब तर उंच गाडी. प्रत्येक वस्तू आपल्याला सामायिक अडचणीतून एकट्याला बाहेर काढते. एकट्याला, हा शब्द तपासून बघायचा. सातव्या अध्यायातली "धर्माच्या आड न येणारी इच्छा" ओळखायची खूण मला इथे सापडते. जी इच्छा मला माझ्या माणसांपासून वेगळं काढते, ती धर्माच्या आड येऊ लागली आहे.

आणि म्हणून मला शबरी आठवते. रामायणातली सगळ्यात मोठी वाट तिने पाहिली. गुरूंनी सांगितलं होतं, राम येईल. कधी, ते सांगितलं नव्हतं. ना तारीख, ना टीझर. कीर्तनात आपण ऐकत आलो की ती रोज वाट झाडायची, काटे वेचायची. आपल्या भाषेची गंमत बघा. वाट पाहणं, यातली वाट म्हणजे रस्ताच. शबरीने ते शब्दशः केलं. ज्या वाटेने राम येणार तीच झाडत बसली. आणि झाडलेल्या वाटेवरून राम यायच्या आधी किती ऋषी, किती वाटसरू, किती पोरंबाळं बिनकाट्यांची चालली असतील! तिची प्रतीक्षा रामासाठी होती, फायदा सगळ्यांचा झाला. राम नसता आला तरी वाट झाडलेलीच राहिली असती.

मग मी काय करणार? गाडीची इच्छा गेली का? खरं सांगू, नाही गेली. व्हिडिओ आला की अजूनही बोट तिकडे वळतं. पण क्रम ठरवला आहे. राज्यात २०२१ मध्ये रोजगार हमीला जोडून शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री योजना सुरू झाली होती. पण कुठलीही योजना आली तरी आधी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी धुरे मागे घ्यायला हवेत, आणि ते काम पैशाने होत नाही, घरोघरी बसून बोलण्याने होतं. पुण्यात आणि हैदराबादला असलेली आमच्या पांदणीवरची आठ-दहा पोरं आम्ही एकत्र आलो आहोत. दिवाळीत सगळे गावात असतील तेव्हा बसायचं ठरलं आहे. बाबांनी सांगून ठेवलंय, सुरुवात आपल्या धुऱ्यापासून. पहिली रक्कम मुरुमाची, दुसरी टोकनची. गाडी आली आणि परवडली तर घेईन, आनंदाने घेईन, आणि केळापूरच्या जगदंबेपुढे तिला हारही घालीन. पण ती पांदणीवरून जाईल तेव्हा तिच्यामागून बंडीही यायला हवी.

आजचा संकल्प: तुम्ही ज्या वस्तूची वाट पाहताय, तिचं नाव एका कागदावर लिहा. खाली लिहा, ही मिळाल्यावर माझी कोणती अडचण सुटेल. आणि त्याखाली, तीच अडचण आणखी कुणाची आहे. त्या तिसऱ्या ओळीतल्या एका माणसासाठी आज एक छोटं काम करा. वस्तूचा व्हिडिओ उघडण्याच्या आधी.

राम कृष्ण हरी!