स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या स्वभावासंबंधानेंच उच्चारतों, आणि ती उच्चारली कीं त्या माणसाविषयींचें आपलें कर्तव्य संपलें असें समजतों. परीक्षकाच्या खुर्चीवरून मींही ती कित्येकदां उच्चारली आहे. तिच्या खरेपणाविषयीं मला शंका आली ती ब्रूस मॅक्यूअन या अमेरिकन शास्त्रज्ञाचें संशोधन वाचतांना.

मॅक्यूअन १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत अध्यापक झाले व २०२० सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. संकटप्रसंगीं मूत्रपिंडांवरील अॅड्रीनल ग्रंथींतून एक अंतःस्राव रक्तांत मिसळतो. त्या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना तोच स्राव किरणोत्सर्गी करून टोचला, तर तो मेंदूंत कोठें जाऊन बसतो, हें त्यांनीं सहकाऱ्यांसह पाहिलें. तो विशेषेंकरून सांपडला हिप्पोकॅम्पसमध्यें, म्हणजे स्मृतीशीं ज्याचा निकट संबंध आहे अशा भागांत. हें १९६८ सालीं प्रसिद्ध झालें. मेंदू ग्रंथींवर हुकमत चालवितो हें ठाऊक होतें. ग्रंथींचा हात स्मृतीच्या दालनापर्यंत पोंचत असेल, अशी अपेक्षा नव्हती.

पुढें त्यांच्या प्रयोगशाळेंत असें दिसून आलें कीं, उंदराला दररोज सहा तास याप्रमाणें तीन आठवडे जखडून ठेवलें, तर त्या भागांतील कांहीं मज्जापेशींच्या शाखा आंखूड होतात. आणि जाच थांबला म्हणजे पुन्हां वाढतात. हें आंखडणें म्हणजे केवळ इजा नव्हे, तें जुळवून घेणें होय, असें मॅक्यूअन म्हणत. मात्र जुळवून घेण्याचीही किंमत शरीराला मोजावी लागते, असें त्यांनीं एलियट स्टेलर यांच्यासह १९९३ सालीं प्रतिपादिलें.

येथें नीतिशास्त्राचा जुना प्रश्न उभा राहतो. भित्रेपणा, रागीटपणा, विसराळूपणा हे जर अंशतः स्रावाचे व त्यामागील परिस्थितीचे परिणाम, तर दोष कोणाला द्यावयाचा? कोणालाच नको, असें म्हणणारे मला भेटतात. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें सोडून देऊं. परंतु जो आपल्या क्रोधाची सबब ग्रंथींवर लोटतो त्याला मी एवढेंच विचारीन कीं, वरिष्ठांपुढें त्याच्या ग्रंथी इतक्या शहाण्यासारख्या कशा वागतात?

दोष नाहींसा होत नाहीं. जखडलेल्याचा कमी झालेला भाग जखडणाऱ्याकडे जातो. हा हिशेब मला सुखाचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं तोंडी परीक्षेंत एक विद्यार्थी माझ्यापुढें निःशब्द उभा राहिला. ‘याला स्मरणशक्तीच नाहीं,’ असा शेरा मीं सर्वांदेखत मारला. वर्षभर मागच्या बाकावर बसून तो माझ्या उपरोधाचा विषय झाला होता, ही गोष्ट त्या वेळीं मला मुळींच आठवली नाहीं. स्मरणशक्ति कोणाला नव्हती, हा प्रश्नच आहे.

जाच थांबल्यावर शाखा पुन्हां वाढतात, या वाक्यावर मी बरेच दिवस समाधान मानलें. पण बंगळूर येथें सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेंत २००२ सालीं आढळलें कीं, भीतीशीं संबद्ध असलेल्या अॅमिग्डाला या भागांत अशाच जाचानें शाखा उलट वाढतात. आणि जाच थांबून तीन आठवडे लोटले तरी त्या वाढलेल्याच राहतात, हें पुढें २००४ सालीं दिसून आलें.

तो विद्यार्थी परवां रस्त्यांत भेटला. आतां चांगल्या हुद्द्यावर आहे. मला नमस्कार करतांना त्याचा आवाज पूर्वीसारखाच अडखळला. रविवारीं मीं त्याला घरीं बोलाविलें आहे. काय बोलावें, तें अद्याप ठरलेलें नाहीं.