वैद्याची श्रद्धा आणि रुग्णाचा हक्क

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेले असंख्य कामगार आहेत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आदिवासी बांधव राहतात. पालघर-बोईसरच्या दवाखान्यात बसलेल्या मुस्लिम डॉक्टरांसमोर त्यामुळे कोणत्याही धर्माचा, कोणत्याही राहणीचा माणूस येतो. आपल्या श्रद्धेच्या आधारे डॉक्टर काय नाकारू शकतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

येथे कृती आणि व्यक्ती यांतील भेद ध्यानी घ्यावा. सबळ कारणाविना गर्भपात करण्यास डॉक्टर नकार देतो, तेव्हा तो नकार सर्वांना सारखाच असतो. परंतु रुग्ण एचआयव्हीबाधित, तृतीयपंथी किंवा अन्यधर्मीय आहे म्हणून त्याचा ताप तपासायचा नाही, हा माणसालाच दिलेला नकार होय. राज्यघटनेचे कलम 25 सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देते, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहूनच. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचारांतील भेदभावास मनाई करतो. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले.

शरिअतची शिकवण याहून निराळी नाही. सहीह बुखारीत नोंद आहे की, एका कबिल्याने सहाबांच्या तुकडीला आदरातिथ्य नाकारले. पुढे त्याच कबिल्याच्या सरदाराला विषारी दंश झाला. सहाबांनी मोबदला ठरवून सूरह फातिहाचे पठण केले आणि तो बरा झाला. प्रेषितांनी (स.) हे योग्य ठरवले. सहाबांनी मोबदला घेतला. सूड घेतला नाही. एखाद्या समूहाच्या वैरापायीही न्याय सोडू नये, अशी सूरह माइदाची आज्ञा आहे.

एप्रिल 2020 मध्ये मेरठच्या एका रुग्णालयाने मुस्लिम रुग्णांसाठी करोना चाचणीची निराळी अट जाहिरातीतून घातली, तेव्हा आपण सारे दुखावलो. ज्या मापाने आपण तो अन्याय मोजला, त्याच मापाने आपले वर्तनही मोजले पाहिजे.

कृती नाकारण्याचा अधिकारही अमर्याद नाही. मुंबईत रुग्ण पुढच्या गल्लीत दुसरा डॉक्टर गाठेल. मोखाड्याहून आलेल्या स्त्रीचे परतीचे भाडेही कदाचित उधारीचे असेल. तिला कायदेशीर उपचार कोठे मिळतील हे सांगणे म्हणजे पापात साथ देणे, असे काहींना वाटते. पण विश्वासाने आलेल्या रुग्णापासून माहिती दडवणे ही अमानतीत खयानत आहे. नकार द्यायचाच तर तो वेळीच, अपमान न करता आणि पुढची वाट दाखवून द्यावा. मातेचा जीव धोक्यात असेल, तर नकाराला जागाच उरत नाही.

अल्लाह आपल्या वैद्यांना श्रद्धेची दृढता आणि न्यायाची बुद्धी, दोन्ही देवो. आमीन.